लाडूची मोरी

पुणे,
६ जुलै

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. लाडू घरी आला, तो शिह त्झू जातीचा आहे, नऊ आठवड्यांचा आहे आणि वहिनींच्या नव्या गालिच्यावर त्याने पहिल्याच संध्याकाळी आपला हक्क नोंदवला, हे सर्व समजले. चौदाव्या मजल्यावरून, भर पावसात, लसी पूर्ण झालेल्या नसताना त्याला खाली कसे न्यायचे, असे तू विचारले आहेस. आणि घरातच सवय लावली तर तो जन्मभर घर घाण करील की काय, अशी शंकाही काढली आहेस. शंकेचे उत्तर आधी देतो, कारण खरी अडचण तीच दिसते. ज्या कुत्र्याला घरात नेमकी जागा दिलेली नसते, तो घर घाण करतो. ठाण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये वाढणाऱ्या पाच-सहा किलोच्या कुत्र्यासाठी घरातली जागा ही कायमची आणि रास्त सोय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे; मात्र ती जागा पहिल्या आठवड्यातच विचार करून ठरवायला हवी.

बाहेर नेण्याची घाई आत्ता करू नकोस. पिल्लांच्या लसी सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू होतात आणि तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळा आठवड्यांपर्यंत चालतात. त्या पूर्ण होईपर्यंत पार्व्होचा, म्हणजे पिल्लांना उलट्या-जुलाबांनी जेरीस आणणाऱ्या विषाणूचा, धोका खरा असतो. हा विषाणू १९७८ च्या सुमारास जगभर पसरला, तो मातीत महिनोन्महिने टिकून राहतो आणि साध्या साबणाला दाद देत नाही. त्यात पावसाळ्यात उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस हा जिवाणूंचा रोग, पसरतो. २००५ च्या जुलैमधील महापुरानंतर मुंबईत माणसांमध्ये त्याची जी साथ आली, ती तुला आठवत असेलच. लेप्टोची लस तुमच्या डॉक्टरांच्या मिश्र लसीत आहे की नाही, हे विचारून घे, कारण काही मिश्रणांत ती असते आणि काहींत नसते.

आता जागेविषयी. पिल्लू साधारण तीन आठवड्यांचे होईपर्यंत त्याची आई त्याला चाटून शी-शू करवते. त्यानंतर ते धडपडत का होईना, झोपण्याच्या जागेपासून दूर जाऊन बसू लागते, आणि सात-आठ आठवड्यांच्या सुमारास पायांखाली काय लागते यावरून त्याची आवड पक्की होत जाते. ही गोष्ट नीट ध्यानात घे, कारण पुढचे सारे तिच्यावर अवलंबून आहे. कुत्रा 'घर' आणि 'बाहेर' असा भेद आपल्यासारखा करीत नाही. मऊ, ओले शोषून घेणारे काही तळव्यांना लागले की त्याला तेथे बसावेसे वाटते. पिल्लांच्या शी-शूसाठी दुकानात मिळणारे शोषक पॅड नेमके तसेच असते, आणि तुमचा गालिचा, न्हाणीघरापुढचे पायपुसणे व तात्यांची दुपारची सतरंजीही तशीच असते. लाडूने गालिचा निवडला यात खोडसाळपणा नव्हता. पॅडवर शिकवायचे असेल तर गालिचा आणि पायपुसणी काही महिन्यांसाठी गुंडाळून माळ्यावर टाकावी लागतील, हे वहिनींना आधीच सांगून ठेव.

वर्तमानपत्राचा सल्ला तुला सगळे देतील. तो स्वस्त आहे, पण तुमच्या घरात तो चालणार नाही. तात्या रविवारची पुरवणी जमिनीवर पसरून शब्दकोडे सोडवतात. कोणते पान वाचायचे आणि कोणते भिजवायचे, हा फरक लाडूला करता येणार नाही. शिवाय ओल्या कागदाची शाई त्याच्या पांढऱ्या पायांना लागून घरभर फिरेल ती वेगळीच.

गॅलरीत कृत्रिम गवताचा ट्रे ठेवण्याचा तुझा विचार कोरड्या हवेत ठीक आहे. जुलैमध्ये तिरक्या पावसाने तो सतत भिजेल, आणि पाण्याबरोबर जे काही खाली ओघळेल, ते तेराव्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर जाईल. सोसायटीच्या सभेत कुत्र्यांविषयीची भांडणे बहुतेक अशाच कारणावरून सुरू होतात. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे नऊ आठवड्यांचे पिल्लू गॅलरीच्या गजांमधून सहज निसटू शकते, तेव्हा जाळी बसवून होईपर्यंत त्याला तेथे एकटे सोडूच नकोस.

माझा कौल मोरीला आहे. आपल्या न्हाणीघराची लादी उताराची असते, कोपऱ्यात जाळी असते, पाणी हाताशी असते. तांब्याभर पाणी ओतले की जागा साफ. पुढे लाडू सहा-आठ महिन्यांचा होऊन तंगडी वर करू लागला, तरी तेथे भिंतीलाही फरशीच असणार. माझी चिंगी, म्हणजे आमची पॉमेरेनियन, वर्षानुवर्षे मोरीतच जाते आणि पाहुण्यांना सांगितल्याशिवाय घरात कुत्रे आहे हे नाकाने कळत नाही. मोरीच्या दोन-तीन अडचणी मात्र आहेत, त्या आधीच दूर कर. पहिली म्हणजे ओली लादी. पिल्लांना ओल्या, निसरड्या जागेवर बसणे आवडत नाही, म्हणून एका कोपऱ्यात भोके असलेली रबरी मॅट कायमची टाक, आणि तो कोपरा आंघोळीनंतर पुसून घेत जा. दुसरी म्हणजे मोरीचा उंबरा. तो तुम्हाला जाणवतही नसेल, पण लाडूच्या छातीएवढा असेल. बाहेरच्या बाजूने एखादा सपाट पाट ठेवलास तर तो चढून जाईल. तिसरी म्हणजे दार. कोणी तरी सवयीने ते ओढून घेते आणि बिचारा बाहेर उभा राहतो, म्हणून दाराला खालून अडसर लाव. भरलेल्या बादल्या झाकून आणि फिनेलच्या बाटल्या वर ठेवायच्या, हे ओघाने आलेच. तुमच्याकडे दोन न्हाणीघरे आहेत, तेव्हा आतले लाडूसाठी राखून ठेवणे फारसे कठीण जाऊ नये.

प्रारंभी मॅटवर दोन-तीन पॅड एकमेकांना लावून अंथर. लहान पिल्लाचे पुढचे पाय पॅडवर आले की आपण योग्य जागी पोहोचलो असे त्याला वाटते, आणि मागचा भाग बाहेरच राहतो. जागा ऐसपैस असली की त्याचा नेम चुकत नाही. सवय लागत जाईल तसे एकेक पॅड कमी कर, आणि शेवटी नुसती मॅट राहू दे. पॅड चघळायला मात्र मुळीच देऊ नकोस, कारण त्यातील पाणी शोषणारी भुकटी पोटात जाऊन फुगते आणि प्लास्टिकने आतडे अडू शकते. वापरलेले पॅड कागदात गुंडाळून डायपरांप्रमाणे वेगळे द्यायचे असते. ते संडासात टाकलेस तर चौदा मजल्यांची नळी तुंबेल.

वेळा पाळणे हे खरे काम आहे. लहान जातींचे मूत्राशय लहान असते. वय जितके महिने, त्यात एक मिळवून जितके तास येतील, तितका वेळ पिल्लू फार तर कळ काढू शकते, असा ढोबळ हिशेब सांगतात. म्हणजे लाडूसाठी तीन तास, आणि जागेपणी खेळत असताना त्याहून बरेच कमी. झोपेतून उठल्याबरोबर, खाल्ल्यानंतर पाच ते तीस मिनिटांत, खेळ थांबल्यावर आणि निजण्यापूर्वी त्याला उचलून मोरीत ने. जमीन हुंगत गोल फिरू लागला, की ती सूचना समज. आपण तान्ह्या बाळापुढे काढतो तसा 'शूऽ' असा आवाज दर वेळी तोच काढ, आणि कोणाही पाहुण्याला तो गमतीने काढू देऊ नकोस. काम पूर्ण होईपर्यंत गप्प राहा, कारण मध्येच कौतुक केले तर तो अर्धे सोडून तुझ्याकडे धावत येईल आणि उरलेले दिवाणखान्यात करील. पूर्ण होताच, त्याच जागी, एक-दोन क्षणांच्या आत उकडलेल्या कोंबडीचा किंवा पनीरचा हरभऱ्याएवढा तुकडा दे. स्वयंपाकघरात जाऊन डबा उघडेपर्यंत उशीर झालेला असतो. तुकडे मोरीबाहेरच्या फळीवरच ठेव.

ज्या वेळी कोणाचे लक्ष नसेल, त्या वेळी त्याला घरभर मोकळे सोडू नकोस. तुम्ही दोघे कामावर गेल्यावर तात्यांच्या खोलीशेजारी एक कुंपण उभे कर. त्यात एका टोकाला अंथरूण व पाणी, आणि शक्य तितक्या दूर दुसऱ्या टोकाला तशीच रबरी मॅट असू दे. झोपण्या-खाण्याजवळ शू करणे कुत्र्यांना स्वभावतः नको असते, आणि त्याचाच येथे आपल्याला उपयोग होतो. मात्र दुकानातल्या पिंजऱ्यात घाणीतच राहावे लागलेल्या पिल्लांची ही उपजत नावड बोथट झालेली असते, म्हणून लाडू कोठून आणला, त्यावर पहिले काही आठवडे किती कठीण जातील हे ठरेल.

तात्यांनी सुचवलेला उपाय, म्हणजे घाणीत नाक घासण्याचा, कृपा करून कोणालाही करू देऊ नकोस. त्यांच्या पिढीत तो सर्वांनी केला, आणि कुत्रे त्याही परिस्थितीत शिकले. पण पुष्कळदा ते पलंगाखाली लपून करायला शिकले. घडून गेलेल्या गोष्टीशी शिक्षेचा संबंध कुत्र्याला जोडता येत नाही. 'त्याचा चेहराच सांगतो की त्याला कळले आहे', असे तात्या म्हणतील. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजातील अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात असे दिसले की, तो अपराधी चेहरा कुत्र्याने प्रत्यक्ष काय केले यापेक्षा मालक रागावतो की नाही यावर अवलंबून असतो. निर्दोष कुत्रेही रागावल्यावर तोच चेहरा करीत होते. प्रत्यक्ष करताना सापडला तर न ओरडता उचल आणि मोरीत ठेव, इतकेच. तू घरी येताच तो आनंदाने किंवा बुजून थेंबभर शू करतो, ते मात्र शिस्तीचे प्रकरण नव्हे. त्याच्यावर वाकू नकोस, खाली बस, आणि तो स्वतःहून जवळ येईपर्यंत थांब. वय वाढले की बहुतेक पिल्लांचे हे आपोआप थांबते.

कामाच्या मावशींशी वहिनींनी एकदा निवांत बोलावे, कारण अर्धी लढाई त्यांच्या फडक्यावर आहे. फिनेलने आपल्याला स्वच्छ वाटते, पण लघवीचा वास खाली राहतो आणि लाडूचे नाक तो शोधून काढते. शिवाय फिनेल पायांना लागून चाटले गेले तर कुत्र्याला बाधते. अमोनिया असलेले द्रव त्याहून वाईट, कारण त्यांना लघवीसारखाच वास येतो. आधी जुन्या फडक्याने ओल टिपायची, मग पाळीव प्राण्यांसाठी मिळणारे एन्झाइमचे द्रव शिंपडून दहा-पंधरा मिनिटे तसेच राहू द्यायचे, आणि मग पुसायचे. ब्लीच थेट लघवीवर ओतू नये, त्यातून घातक वाफ निघते.

रात्री पाणी बंद करू नकोस, आणि इतक्या लहान जातीच्या पिल्लाला शू होऊ नये म्हणून उपाशी तर मुळीच निजवू नकोस. त्यांच्या रक्तातील साखर झपाट्याने उतरते. रात्री एकदा-दोनदा उठावे लागेल. ती पाळी तू आणि वहिनी वाटून घ्या, तात्यांवर टाकू नका.

एक गोष्ट मात्र तुला निक्षून सांगतो. मोरीची सवय लागली म्हणून फिरणे बंद व्हायला नको. बारा-चौदा आठवड्यांपर्यंत पिल्लू जगाची ओळख करून घेत असते, म्हणून लसी पूर्ण होईपर्यंत त्याला कडेवर घेऊन रोज खाली उतर; रिक्षांचे आवाज, छत्र्या, शाळेची मुले, लिफ्टमधली अनोळखी माणसे, सगळे दाखव. पुढे चालत फिरू लागला तरी तो बाहेर काहीच न करता घरी येऊन मोरीत धाव घेईल, आणि लोक हसतील, त्यांना हसू दे. बाहेरचीही सवय हवीच असेल तर वापरलेल्या पॅडचा तुकडा झाडाखाली ठेवून तोच 'शूऽ' म्हण, म्हणजे काही दिवसांत जमेल.

शिकलेला कुत्रा अचानक चुकू लागला, वारंवार थेंब-थेंब करू लागला, कुंथू लागला किंवा लघवीत रक्त दिसले, तर सवय बिघडली असे मानू नकोस आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे ने. शिह त्झू आणि ल्हासा अप्सो या जातींना मूतखडे होण्याची प्रवृत्ती असते, आणि नरामध्ये खडा अडकून लघवी पूर्ण बंद झाली तर लवकरच जिवावर बेतू शकते.

घराचा आराखडा काढून पाठव; पाट कोठे ठेवायचा आणि कुंपण कोठे लावायचे, ते मी त्यावर खुणा करून परत पाठवतो. तात्यांना साष्टांग नमस्कार, वहिनींना सप्रेम नमस्कार आणि लाडूला पनीरचा एक तुकडा.

तुझा स्नेहांकित मित्र