ज्यांच्या नावे सातबारा नाही, त्यांच्या मनाचे काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘शेतकरी आत्महत्या’ हा शब्द आपल्याकडे इतका रुळला आहे की त्या आकड्यांत शेतमजूरही असतात, हे ध्यानातच येत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात शेतीवर पोट असलेल्या ११,२९० जणांनी आत्महत्या केल्या. त्यांत जमीन कसणारे ५,२०७, तर मजूर ६,०८३ होते. एकूण संख्येतील ४,२४८ जण एकट्या महाराष्ट्रातले होते. असे असूनही आत्महत्याग्रस्त कुटुंबासाठीची एक लाख रुपयांची सरकारी मदत सातबारा आणि कर्जाची कागदपत्रे पाहून मंजूर होते. शेतमजुराचे कर्ज बहुधा किराणा दुकानाच्या वहीत किंवा मुकादमाच्या उचलीत असते, आणि त्याचा कागद कुठून आणायचा?

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहणारा निवृत्त प्राथमिक शिक्षक आहे. गेल्या दिवाळीनंतर एका संध्याकाळी शेताच्या धुऱ्यावर वेचलेल्या कापसाचे वजन चालले होते. माझ्या एका माजी विद्यार्थिनीच्या आईचे गाठोडे काट्याला लागले, तेव्हा ते इतरांच्या निम्मेही भरले नाही. मजुरी किलोवर असल्याने तिचा रोजही निम्माच झाला. “हात चालत नाही गुरुजी, रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही, जीव घाबरते,” असे ती हलक्या आवाजात म्हणाली. त्याआधी पावसामुळे बरेच दिवस काम नव्हते आणि मुलीची फी थकली होती. दवाखान्यात तिला सलाईन लावून शक्तीच्या गोळ्या दिल्या होत्या; झोप का येत नाही, हे तिथे कोणीही विचारले नव्हते. ‘नैराश्य’ हा शब्द तिच्या तोंडी कधीच येणार नाही. तिचा आजार ‘जीव घाबरते’ या दोन शब्दांत आहे आणि तो ओळखणारे माणूस तिच्यापर्यंत पोहोचले पाहिजे.

राज्य सरकारने २०१५ मध्ये चौदा जिल्ह्यांत सुरू केलेला ‘प्रेरणा’ प्रकल्प याच हेतूचा आहे. आशाताईंनी घरोघरी जाऊन त्रासातली माणसे शोधावीत आणि त्यांना जिल्हा रुग्णालयातील समुपदेशकांपर्यंत न्यावे, ही कल्पना उत्तमच आहे. परंतु आमच्या गावात चौकशी होते ती सकाळी अकराच्या सुमारास, आणि त्या वेळी मजुरांच्या वस्तीत म्हातारी माणसे व लहान मुले यांच्याखेरीज कोणीही नसते. गावातल्याच माणसांना शिकवून हे काम नीट करता येते, हे शेजारच्या अमरावती जिल्ह्यात ‘संगाथ’ संस्थेच्या ‘विश्राम’ प्रकल्पाने तीस गावांत दाखवले आहे. तिथे नैराश्याची लक्षणे असलेल्यांपैकी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले.

मजुरांना ‘खंबीर व्हा’ असे सांगणारी व्याख्याने मला पटत नाहीत. उन्हातान्हात दिवसभर वाकून काम करणाऱ्या बाईला खंबीरपणा शिकवण्याची गरज नाही. तिला उभारी हवी असेल, तर ज्या आठवड्यात शेतात काम नसते त्या आठवड्यात रोजगार हमीचे काम मिळाले पाहिजे. त्याचा कायदा तर आपल्याच राज्याने १९७७ मध्ये केला. त्याच्या जोडीने ऐकणारे माणूसही हवे. ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक मी तिच्या मुलीच्या वहीत लिहून दिला, पण तो रेशन दुकानाच्या भिंतीवर ठळक रंगवलेला असायला हवा होता.

यंदाची वेचणी सुरू होण्यापूर्वी आरोग्य विभागाने मजूर वस्त्यांतील भेटी संध्याकाळी सातनंतर ठेवाव्यात, त्या जादा वेळेचा मोबदला आशाताईंना वेगळा द्यावा आणि महसूल विभागाने मदतीच्या निकषांतून सातबाऱ्याची अट शेतमजुरांपुरती काढून टाकावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, जि. यवतमाळ