टॅम्पाला जाण्याआधी

चि. मृणाल,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू मधेच फोन ठेवलास, तेव्हापासून आई माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलते आहे. तुझ्या चित्रांना मी घाण म्हटलं नव्हतं गं. सॅन फ्रान्सिस्को सोडून फ्लोरिडातल्या टॅम्पाला जाणार, तिथून स्वतःचं कॉमिक छापून पोस्टाने विकणार म्हणालीस आणि माझ्या पोटात गोळा आला.

सॅन फ्रान्सिस्कोची गोष्ट वेगळी. चित्रकार रॉबर्ट क्रम्बने १९६८ साली आपल्या 'झॅप' कॉमिकचे अंक तिथल्या हाइट स्ट्रीटवर बाबागाडीत घालून विकले. पण त्याच 'झॅप'च्या चौथ्या अंकावरून न्यूयॉर्कमध्ये अश्लीलतेच्या गुन्ह्यात दोषी ठरले ते दुकानात बसून अंक विकणारे. पुढे १९७३ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने 'मिलर' खटल्यात सांगितलं की, अश्लील काय हे त्या त्या ठिकाणच्या लोकांच्या मापाने ठरवायचं. दुकानदार धास्तावले, अंक ठेवायलाच घाबरू लागले. गाव बदललं की माप बदललं. आणि तू गावच बदलते आहेस.

टॅम्पाशेजारीच पिनेलास काउंटी. माइक डायना हा कॉमिक काढणारा पोरगा तिथला. 'बॉइल्ड एंजल' नावाचा त्याचा झेरॉक्स केलेला अंक, प्रती जेमतेम तीनशेच्या आसपास. पोलिसानेच आपण चित्रकार आहोत असं भासवून पोस्टाने मागवला. १९९४ मध्ये पोरगा दोषी ठरला. तीन वर्षं प्रोबेशन म्हणजे कोर्टाची देखरेख, तीन हजार डॉलर दंड, आणि स्वतःपुरतंसुद्धा तसलं चित्र काढायचं नाही, पोलीस वॉरंटशिवाय घर तपासणार! स्वतःच्या घरात, स्वतःच्या वहीत. हे वाचून मला रात्री झोप लागली नाही. तो निदान तिथला नागरिक होता. तू व्हिसावर आहेस.

बघ, लागलो लेक्चर द्यायला. राग मानू नकोस.

आजोबांच्या छापखान्यात पाठकोऱ्या प्रुफांवर तू आत्याचं नाक काढायचीस. आत्या रुसली, आजोबांनी मात्र तो कागद टाइपाच्या केसमध्ये जपून ठेवला. ट्रेडल चालू असताना तुझं बोट मशीनपासून दूर ठेवण्यातच माझा दिवस जायचा.

तू पाठवलेली पानं मी दोनदा पाहिली. माईच्या अंघोळीचं पान आईने आधी उलटं ठेवलं, मग स्वतःच परत उघडलं. वाकलेली पाठ, खांद्यापासून कमरेपर्यंत एकच रेघ, कुठे हात थरथरलेला नाही. कुणी त्याला अश्लील म्हटलं तर मी भांडेन. पण माझं भांडण तिथल्या ज्युरीपर्यंत कसं पोचणार?

म्हणून एवढं कर. अनोळखी माणसाने मागवलं तर लगेच पाठवू नकोस. डायनाचा खटला लढवणारा कॉमिक बुक लीगल डिफेन्स फंड १९८६ पासून कॉमिकवाल्यांना अशा खटल्यांत मदत करण्याचं काम करतो आहे. सामान हलवण्याआधी त्यांना विचार. व्हिसाच्या वकिलालाही पानं दाखव, लाजू नकोस. पैसे मी देतो.

आणि मला दहा प्रती हव्यात. पोस्टाने नको, दिवाळीत दादा येईल त्याच्याबरोबर दे.

तुझा,
बाबा