समुपदेशकाला ऐकू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विशाखापट्टणममध्ये ‘नीट’ची तयारी करणाऱ्या एका सतरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये जे निर्देश दिले, त्यांतला एक असा की, शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता उपलब्ध करून द्यावा. खासगी शिकवण्याही त्यातून सुटलेल्या नाहीत. लातूरमध्ये, जिथे गावोगावची मुले खोल्या आणि वसतिगृहे घेऊन राहतात आणि रिपीटरांच्या, म्हणजे परीक्षा पुन्हा देणाऱ्यांच्या, स्वतंत्र तुकड्या भरतात, तिथे समुपदेशनाचे काम करणारी व्यक्ती म्हणून मला या निर्देशाचे मनापासून समाधान वाटले. मात्र नेमलेल्या समुपदेशकाने नेमके काय करायचे, याविषयी पालक आणि क्लासचालक यांच्या मनात जे चित्र आहे ते बदलले नाही, तर ही नेमणूक कागदावरच राहील अशी मला भीती वाटते.

पालक मुलाला घेऊन येतात तेव्हा पहिले वाक्य बहुधा ठरलेले असते : “मॅडम, आमचं काही ऐकत नाही, तुम्ही जरा समजावून सांगा.” त्यांची काळजी खरी असते. शेत गहाण टाकून किंवा भविष्य निर्वाह निधीतली रक्कम काढून ज्यांनी फी भरली आहे, त्यांच्या जिवाची घालमेल मी रोज पाहते. पण ज्या मुलाला आईवडिलांनी, काकांनी, वर्गशिक्षकांनी आणि क्लासने बोलावलेल्या व्याख्यात्यांनी आधीच सगळे समजावून झाले आहे, त्याला तेच पुन्हा एकदा गोड आवाजात सांगणारा माणूस नको असतो. आपल्याला वाक्य पूर्ण करू देणारा माणूस त्याला क्वचितच भेटलेला असतो.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांना ही गोष्ट एका आईने शिकवली. १९२८ पासून सुमारे बारा वर्षे ते रॉचेस्टर शहरात मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत होते. एका अतिशय व्रात्य मुलाची आई त्यांच्याकडे येत असे. मुलाच्या वागण्याचे मूळ आईने त्याला लहानपणी केलेल्या अव्हेरात आहे, असे रॉजर्स यांचे निदान होते आणि ते तिच्या गळी उतरवण्याचा त्यांनी बैठकीमागून बैठकीत प्रयत्न केला. यश येईना, तेव्हा त्यांनी हार मानली आणि आता थांबू या असे तिला सांगितले. तिनेही ते मान्य केले, निरोपाचा हात मिळवला आणि दाराकडे निघाली. दारापाशी पोहोचल्यावर ती वळली आणि तिने विचारले की, इथे मोठ्या माणसांनाही समुपदेशन मिळते का? होकार मिळताच ती परत खुर्चीत येऊन बसली आणि आपल्या संसारातली निराशा, नवऱ्याशी बिघडलेले संबंध, आपण हरलो आहोत ही भावना असे सारे बोलू लागली. एवढ्या बैठकांत यातले काहीही बाहेर आले नव्हते. पुढे तिलाही बरे वाटले आणि मुलालाही. कुठे दुखते आहे आणि कोणत्या दिशेने जायचे आहे हे समोरच्या माणसालाच अधिक ठाऊक असते, हे रॉजर्स यांच्या मनात पक्के झाले ते अशा अनुभवांतून. १९५७ मधल्या त्यांच्या प्रसिद्ध निबंधात समुपदेशकाकडून त्यांनी मुख्यतः तीन गोष्टींची अपेक्षा केली : त्याने मुखवटा न घालता समोर बसावे, आलेल्या माणसाचा विनाअट स्वीकार करावा आणि त्याचे जग त्याच्याच नजरेतून समजून घ्यावे.

कागदावर हे सोपे दिसते, पण ‘विनाअट’ ही फार कठीण बाब आहे. चाचणीचे गुण घसरलेला मुलगा (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलते) पहिल्या भेटीत गळ्यातल्या ओळखपत्राची फीत बोटाला गुंडाळत, सोडवत, पुन्हा गुंडाळत बसला होता. मी अभ्यासाबद्दल काहीच विचारले नाही. बऱ्याच वेळाने तो मेसच्या डब्याबद्दल बोलला, डाळ पातळ असते म्हणाला, आणि मी डाळीबद्दलच ऐकत राहिले. काही भेटींनंतर त्याने सांगितले की, फिजिक्सची त्याला भीती नाही, पण रात्री वडिलांचा फोन वाजला की पोटात गोळा येतो, कारण पहिला प्रश्न “आजचा स्कोअर किती?” हाच असतो. त्यावर काय करावे हे मी सुचवले नाही. आठवडाभराने त्यानेच ठरवले की चाचणीच्या दिवशी आईशी बोलायचे आणि वडिलांना दुसऱ्या दिवशी आपणहून फोन करायचा. त्याचे गुण लगेच वाढले नाहीत. झोप मात्र लागू लागली, आणि पुढे डॉक्टर व्हायचे की नाही यावर तो प्रथमच स्वतःच्या मनाने बोलू लागला. माझ्या लेखी बरे होण्याची सुरुवात हीच आहे. क्लासच्या आलेखात ती दिसत नाही.

नुसते ऐकणे सगळ्यांना पुरते, असा माझा दावा नाही. आपल्याकडे कि. मो. फडके यांच्या लेखनामुळे परिचित झालेली अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धत विचारांतल्या हटवादी मागण्यांना थेट आव्हान देते, आणि ‘मला एमबीबीएस मिळालेच पाहिजे, नाहीतर मी कुचकामी’ असे मानणाऱ्या मुलांबरोबर मीही ती वापरते. परंतु आपण तपासले जात नाही आहोत याची खात्री पटल्याखेरीज कोणताही मुलगा आपले विचार तपासायला देत नाही. तीव्र नैराश्य किंवा भास-भ्रम असतील तर मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवावेच लागते. जीव देण्याचे विचार येतात का, हे स्पष्ट शब्दांत विचारावे लागते आणि उत्तर होकारार्थी असेल तर त्याला एकटे न सोडता घरच्यांना विश्वासात घ्यावे लागते. ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक प्रत्येक वसतिगृहाच्या भिंतीवर असायला हवा.

अशी जिवावरची वेळ सोडली, तर खोलीतले बोलणे खोलीतच राहिले पाहिजे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम २३ ने गोपनीयतेचा हक्क दिला आहे आणि त्याचे अपवादही तिथेच नोंदवले आहेत; क्लासचालकाची उत्सुकता त्या अपवादांत बसत नाही. तरीही कोणता विद्यार्थी काय बोलला याचा अहवाल मागितला जातो, समुपदेशकाला वर्गशिक्षकांच्या खोलीतच टेबल दिले जाते, किंवा प्रवेशाच्या दिवसांत त्याला पालकांचे फोन घ्यायला बसवले जाते. शिक्षण विभागाला आणि जिल्हा प्रशासनाला माझी विनंती आहे की, निर्देशांच्या अंमलबजावणीची तपासणी करताना केवळ नियुक्तिपत्र पाहू नये. समुपदेशकाला दार लावता येईल अशी स्वतंत्र खोली आहे का, त्याची अन्य कामांतून सुटका केली आहे का आणि मुलांच्या नोंदी त्याच्याखेरीज आणखी कोणाच्या हाती जातात का, हेही पाहावे. ही चौकशी विद्यार्थ्यांकडे करावी आणि त्या वेळी क्लासचालक तिथे उपस्थित नसावेत.

आपली,
एक समुपदेशक, लातूर