मुलांशी आधी आपण बोलूया

प्रति,
मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

मी पुण्यात नवी पेठेत स्पर्धा परीक्षांची अभ्यासिका चालवते. परभणी, बीड, धाराशिवकडची मुलं-मुली पहाटे सहाला येऊन जागा धरतात. मागच्या निकालानंतर एक मुलगा जिन्यात म्हणाला, "मॅडम, पोरींमुळे आमच्या जागा गेल्या." चौघांनी माना डोलावल्या. पायरीवर डबा खात बसलेली मुलगी गप्प राहिली. दुसऱ्या दिवसापासून तिनं यायचं बंद केलं.

सरकारी नोकऱ्यांतलं महिलांचं 30 टक्के आरक्षण समांतर आहे, ते प्रत्येक प्रवर्गाच्या आतच मोजतात, हे मी त्याला समजावलं. ते पटलं, पण धुसफूस राहिलीच. वय एकोणतीस, गावी दीड एकर, लग्न जुळत नाही, घरी तोंड दाखवायची लाज वाटते. डिसेंबर 2022 मध्ये सोलापुरात लग्नाळू तरुण बाशिंग बांधून जिल्हाधिकारी कार्यालयावर गेले, तेव्हा लोक हसले. मला हसू आलं नाही.

साहेब, या दुखण्याचं राजकारण कसं होतं ते इतर देशांत दिसलंय. दक्षिण कोरियात मुलांनाच सक्तीची लष्करी सेवा, त्यात नोकऱ्यांची चणचण. 2022 मध्ये युन सुक-योल यांनी स्त्री-पुरुष समानतेचं खातंच बंद करू म्हटलं आणि एक टक्क्याहून कमी फरकानं ते राष्ट्राध्यक्ष झाले. विशीतले बहुसंख्य पुरुष त्यांच्या बाजूला होते, विशीतल्या बहुसंख्य स्त्रिया विरोधकाच्या. त्यांचा पक्ष मुख्य प्रवाहातला, पुराणमतवादी. जर्मनीत तर फेब्रुवारी 2025 मध्ये 18 ते 24 वयाच्या मुलांत एएफडी हा कडवा उजवा पक्ष पहिला आला, त्याच वयाच्या मुलींत डावा पक्ष. अभ्यासकांना यामागे एक धारणा दिसते: बायका पुढे गेल्या म्हणून आपण मागे पडलो. ही धारणा मनात असलेली बाईही अशाच पक्षांकडे झुकते.

आपल्याकडे मतदानात अशी फूट दिसत नाही. पण जिन्यातलं ते वाक्य मी आता दर निकालाला ऐकते, आणि मुलांच्या मोबाइलवर त्याला खतपाणी घालणारे भरपूर आहेत.

मुलींसाठी कॉलेजात तक्रार समिती आहे, ती हवीच. मुलांना मात्र मन मोकळं करायला कुणी नाही. मुंबईत 'मावा' ही संस्था 1993 पासून तरुण पुरुषांशी याच विषयांवर बोलते आहे. अशा अनुभवी लोकांकडून प्राध्यापकांना प्रशिक्षण द्या, राष्ट्रीय सेवा योजनेत त्यासाठी तास ठेवा, सुरुवात पुण्यातून करा. पेठांमधल्या अभ्यासिकाही त्यात घ्या, कारण कॉलेज संपलेली मुलं इथेच बसलेली असतात.

माझ्याकडे रविवारी दुपारी हॉल मोकळा असतो. माणूस पाठवा, मुलांना मी बोलावते.

आपली,
नवी पेठेतील एक अभ्यासिकाचालक, पुणे