कावळा शिवेना आणि तू हसलास

नाशिक, शनिवार रात्र

प्रिय मित्रा,

फोनवर हा विषय निघाला की तुझ्याकडे नेमकी रेंज जाते. म्हणून पत्र.

काल एका जुन्या अमेरिकन मालिकेचा भाग पाहिला. ‘द मेरी टायलर मूर शो’, १९७० ते १९७७ या काळात सीबीएसवर लागायची. (आपलं बसस्टँड नव्हे रे, तिकडची वाहिनी!) मिनियापोलिसमधल्या एका लहानशा टीव्ही चॅनेलची न्यूजरूम, एवढाच पसारा. स्वतःच्याच आवाजाच्या प्रेमात पडलेला निवेदक, वरून करवादणारा पण आतून मऊ असा बॉस, बातम्या लिहिता लिहिता टोमणे हाणणारा लेखक. शपथेवर सांगतो, आपलं केबलचं ऑफिसच. फक्त त्यांचं छत गळत नाही.

हा भाग ऑक्टोबर १९७५चा. लिहिणाऱ्या डेव्हिड लॉइडला त्याबद्दल एमी, म्हणजे तिकडचं टीव्हीचं मोठं पारितोषिक, मिळालं. १९९७मध्ये ‘टीव्ही गाइड’ने शंभर सर्वोत्तम भागांची यादी काढली, तीत हा पहिला. एरवी असल्या याद्या मी रद्दीत घालतो. ही ठेवीन.

गोष्ट अशी. चॅनेलवर मुलांचा कार्यक्रम करणारा चकल्स नावाचा विदूषक असतो. सर्कशीच्या मिरवणुकीचा मान खरं तर निवेदकाचा, पण बॉस त्याला जाऊ देत नाही. मग चकल्स जातो, तोही भुईमुगाच्या शेंगेचं सोंग घेऊन. आणि एक हत्ती त्याला खरीच शेंग समजून सोलायला जातो. गेला बिचारा! ऑफिसात विनोदांना ऊत येतो. एकटी मेरी, मालिकेची नायिका, भडकते, माणूस गेलाय आणि तुम्ही दात काय काढताय! मग अंत्यविधी. आता सगळे गपगार. पाद्रीबुवा चकल्सच्या एकेका सोंगाचं नाव घेऊन अत्यंत गंभीरपणे बोलतायत, आणि हसू फुटतं ते मेरीलाच. खोकून बघते, ओठ दाबून बघते, पण जमत नाही. पाद्रीबुवा तिला उभं करतात आणि म्हणतात, हस बाई, चकल्सला लोकांनी रडलेलं मुळीच आवडायचं नाही. त्यासरशी ती हमसून हमसून रडायला लागते.

मी टीव्ही बंद करून बराच वेळ तसाच बसलो. आपल्या ऑफिसातली मेरी तू होतास.

अण्णा गेले तेव्हाचे ते नऊ दिवस आठव. नगरसेवकाच्या वाढदिवसाला अण्णांनी पडद्याखालच्या पट्टीत ‘हार्दिक शुभेच्छा’ऐवजी ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ सोडली होती, आणि ती संध्याकाळच्या दोन्ही बातमीपत्रांत फिरली होती. हा किस्सा आम्ही रोज नव्यानं रंगवायचो. हार घेऊन पोचलेली माणसं रोज वाढत जायची. आणि तू रोज झापायचास, “सुतक तरी फिटू द्या रे.”

मग दहाव्याला रामकुंड. पिंड मांडलेला, कावळे समोर तारेवर बसलेले, पण एक खाली उतरेल तर शपथ! मुलगा म्हणाला, आईला अंतर देणार नाही. धाकटे भाऊ म्हणाले, घराचं कर्ज आम्ही फेडू. तरी हलेनात. तेव्हा मी तुझ्या कानाशी पुटपुटलो, “पट्टीत चुकून शुभेच्छा गेल्या असतील. कावळ्यांना वाटतंय, वाढदिवस आहे.”

तू जो फुटलास! शेजारी दुसऱ्या कुणाचं दहावं चालू होतं, तेसुद्धा थांबलं. तिथे पाद्रीबुवा नव्हते. गुरुजींनी तुझ्याकडे एकदा पाहिलं, दर्भाचा कावळा केला, पिंडाला शिववला आणि मोकळे झाले. तू चपला हातात घेऊन निघालास तो तडक सीबीएस गाठलंस. त्यानंतर वहिनींच्या दाराशी गेला नाहीस. लोकांना वाटतं, तू मेलेल्या माणसाला हसलास. वाक्य माझं होतं, हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. लाज वाटते.

परवा भद्रकालीत भाजी घेताना वहिनी भेटल्या. मेथीची जुडी उलटीपालटी करत म्हणाल्या, “भावजी, त्या दिवशी घाटावर ते कशाला हो हसले? मला हसणं ऐकू आलं, बोलणं नाही ऐकू आलं. ह्यांचंच काहीतरी असणार.”

ओठांवर आलं होतं, पण गिळलं. दोघांनी मिळून सांगू. पुढच्या रविवारी ये, सीबीएसवर घ्यायला येतो.

तुझाच