तारखेपायी जागा जाऊ नये

मा. संपादक,

मुझफ्फरनगर जिल्ह्यातल्या एका दलित मजुराच्या मुलाला 2024 मध्ये धनबादच्या आयआयटीत जागा मिळाली होती. घरच्यांनी 17,500 रुपये जमवेपर्यंत 24 जूनचे पाच वाजले, पैसे भरायचे राहिले आणि जागा गेली. सर्वोच्च न्यायालयाने घटनेच्या कलम 142 खाली 30 सप्टेंबरला त्याला प्रवेश द्यायला लावला. 2021 मध्ये आयआयटी मुंबईत जागा मिळालेल्या एका दलित विद्यार्थ्यावरही अशीच वेळ आली होती. दोघांना न्याय मिळाला याचा आनंद आहे, पण दिल्लीपर्यंत किती जण पोहोचणार?

आपल्याकडे हीच अडवणूक जात वैधता प्रमाणपत्राच्या रूपाने होते. विमुक्त-भटक्यांकडून 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा पुरावा मागतात. माझ्या ओळखीतल्या एका वडार मुलीला सीईटीत चांगले पर्सेंटाइल होते. आजोबा गावोगाव दगड फोडत फिरले, शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नाही. मग दाखला आणायचा कुठून? शेवटी चुलत आजोबांचे नाव एका जिल्हा परिषद शाळेच्या जुन्या जनरल रजिस्टरमध्ये सापडले. पान जीर्ण, जातीच्या रकान्यातली शाई पुसट. मुख्याध्यापकांनी उतारा दिला, पण जात पडताळणी समितीची सुनावणी होईपर्यंत प्रवेशफेऱ्या आटोपल्या होत्या. राखीव जागेवरचा तिचा हक्क गेला आणि खुल्या प्रवर्गात नंबर लागला नाही. बापाने त्या हेलपाट्यांत बुडवलेली मजुरी कुणी भरून देणार नाही.

पडताळणी नको, असे मी म्हणत नाही. खोट्या दाखल्यांवर जागा लाटणारे आहेत आणि त्यांचा फटका याच मुलांना बसतो. पण प्रस्ताव वेळेत दाखल केला असेल, तर समितीच्या विलंबाची शिक्षा विद्यार्थ्याला का? सरकार ऐनवेळी मुदतवाढ देते, तोवर धास्तावलेली कित्येक मुले मिळेल त्या कोर्सला जाऊन बसतात. त्यापेक्षा पहिल्या फेरीआधीच नियम करा: समितीची पोचपावती असेल त्याचा राखीव जागेवरचा प्रवेश निकाल लागेपर्यंत कायम राहील. मुदत घालायची तर समितीला घाला. अकरावीतच प्रस्ताव भरून घेण्याची जबाबदारी कॉलेजांवर टाका. आणि शिष्यवृत्तीला पात्र असलेल्यांकडून ती जमा होण्याआधी फी मागू नका.

– एक निवृत्त शिक्षक, अंबाजोगाई (जि. बीड)