थान तापलं तर लपवू नकोस

कराड,
रविवार, दुपार

चि. मनू,
अनेक आशीर्वाद. चिमणीला पापा.

काल फोनवर तू अगदी हळू आवाजात म्हणालीस, "आई, डावीकडे ठणकतंय गं. हात लावला तर गरम लागतंय." मागून कुणीतरी आलं आणि तू लगेच झबल्यांचा विषय काढलास. मीही झबल्यांवर बोलत राहिले. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. घरात सासरे, दीर, दोन खोल्या, तुला मोकळं बोलता येत नाही हे मला कळतं. म्हणून कागदावर लिहिते आहे. भाचा फोटो काढून तुला आत्ताच व्हॉट्सॲपवर पाठवेल. जावईबापूंनाही वाचायला दे. सासूबाईंनाही दिलंस तर बरंच.

तुला एक गोष्ट कधी सांगितली नाही. लहानपणी माझ्याजवळ निजलीस की माझ्या डाव्या छातीवरच्या वणावर बोट ठेवून विचारायचीस, "आई, इथं काय झालं?" मी म्हणायची, "काही नाही." ते १९९३ साल. दादा वीस दिवसांचा होता. पाजताना बोंडशीला चिरा पडल्या, दुधाबरोबर रक्त यायचं. मी दात आवळून पाजायची, कुणाला सांगितलं नाही. मग तिथं एक लाल पट्टा उठला. घरातल्यांनी मीठ-मोहऱ्या उतरवल्या. मालिशवाल्या बाईनं गरम तेल लावून गाठ रगडली. कुणी म्हणालं, तापलेल्या थानाचं दूध लेकराला बाधतं, त्या बाजूला घेऊ नकोस. मी ऐकलं. तिसऱ्या दिवशी हुडहुडी भरून ताप आला, आठवड्यात पू धरला, शेवटी चीर देऊन काढावा लागला. वीस दिवस रोज जखमेतली वात बदलायची. दादा पलीकडे रडायचा आणि मला वाटायचं, माझंच काहीतरी चुकलं.

मनू, माझं चुकलं नव्हतं. तुझंही काही चुकलेलं नाही. पण असं का होतं ते नीट कळायला हवं.

आपल्या गोठ्यात गाईला दगडी होते तेव्हा तुझे बाबा काय करतात ते तू पाहिलं आहेस. सड गरम, कास दगडासारखी, धारेत गुठळ्या. बाबा गाईला दोष देत नाहीत. गोठा ओला होता का, धार अर्धवट राहिली का, सडाला ओरखडा आहे का, सगळं बघतात. बाईला मात्र पहिला प्रश्न येतो, "काय खाल्लंस?" बावीस वर्षं अंगणवाडीत काम केलं, घरोघरी हाच प्रश्न ऐकला.

तर तुझ्याकडे बघ. चिमणी नुसती बोंडशी तोंडात धरते की भोवतीचा काळा भागही घेते? नुसतं टोक धरलं की चिरा पडतात, आणि आपल्या सगळ्यांच्या कातडीवर, नाकात असणारे स्टॅफिलोकॉकसचे जंतू तिथून आत शिरतात. बाळाची हनुवटी छातीला टेकली पाहिजे, खालचा ओठ बाहेर वळलेला दिसला पाहिजे. ते जमत नसेल तर हॉस्पिटलातल्या नर्सला समोर पाजून दाखव, लाजू नकोस.

दुसरं म्हणजे दूध साचणं. रात्री बाळ एकदम पाच तास झोपलं, पाहुणे आले म्हणून एक वेळ चुकली, घट्ट ब्रा घातली, कुणी सांगितलं म्हणून पाजणं अचानक तोडलं, की दूध आत तुंबतं आणि तिथली जागा सुजते. सुरुवातीला जंतू नसतातही, नुसती सूज असते. त्यात जागरणं आणि थकवा. एकदा झालं की पुन्हा होण्याची शक्यताही वाढते.

आणि आता माझी चूक कबूल करते. सव्वा महिना होताच तू सासरी निघालीस तेव्हा दोन डबे हळिवाचे लाडू, डिंकाचे लाडू, वर शतावरीची पावडर दिली. दूध वाढावं म्हणून. तू म्हणत होतीस, "आई, चिमणी पिऊन उरतं, पदर भिजतो," तरी मी ऐकलं नाही. बाळाला लागतं त्यापेक्षा फार जास्त दूध येणं हेही या दुखण्याचं मोठं कारण आहे. वर तू तो पंप लावून छाती रिकामी करतेस. जितकं काढशील तितकं अंग आणखी बनवतं. तेव्हा लाडू जावईबापूंना दे, शतावरी बंद कर, आणि चिमणीला लागेल तेवढंच दूध येऊ दे.

आमच्या वेळचं रगडणंही विसर. २०२२ साली अकॅडमी ऑफ ब्रेस्टफीडिंग मेडिसिन या डॉक्टरांच्या संघटनेनं जुनी पद्धत बदलली. जोरात चोळल्यानं आतली सूज वाढते, नाजूक जागा फाटते. म्हणून चोळायचं नाही. फडक्यात बर्फ गुंडाळून दहा मिनिटं ठेव. दुखणं-सूज कमी करणारी गोळी डॉक्टरांना विचारून घे. आणि पाजणं थांबवू नकोस. दगडी झालेल्या गाईचं दूध आपण ओतून देतो म्हणून सगळ्यांना वाटतं बाईचंही खराब झालं. तसं नाही. ते दूध चिमणीला चालतं, त्या बाजूचंही.

ताप नाही म्हणालीस. आला, किंवा उद्या दुपारपर्यंत उतार पडला नाही, तर वाट न बघता दवाखाना गाठ. अँटिबायोटिक दिलं तर पूर्ण घे, दुसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून सोडू नकोस. पू झालाच तरी आता बहुतेक वेळा सोनोग्राफीत बघून सुईनं काढतात. माझ्यासारखी चीर लागेलच असं नाही.

आता जे लिहिते ते घाबरवायला नाही. छाती लाल झाली की सगळं बाळंतपणाचंच असतं असं नाही, एवढं तुला माहीत हवं. तुझ्या मावशीचं आठवतं? तिचा धाकटा तीन वर्षांचा होता, पाजणं केव्हाच सुटलेलं. गाठ आली, फुटली, भरली, शेजारी दुसरी फुटली. तीन वेळा अँटिबायोटिक झालं. कुणी कॅन्सर म्हणालं, ती आठ दिवस जेवली नाही. शेवटी जाड सुईनं तुकडा काढून तपासला तेव्हा नाव कळलं, ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिस. मॅस्टायटिस म्हणजे थानाची सूज. १९७२ साली डॉक्टरांनी पहिल्यांदा वेगळा ओळखलेला आजार. मूल झाल्यानंतरच्या काही वर्षांत, तरण्या बायकांना होतो. प्रोलॅक्टिन, म्हणजे अंगात दूध बनवणारं हार्मोन, वाढलेलं असेल तर धोका जास्त, आणि मानसिक आजाराच्या काही औषधांनी ते वाढतं. दूध यावं म्हणून बायका एकमेकींना सुचवतात त्या डोमपेरिडोननंही वाढतं. शेजारणीच्या सांगण्यावरून ती गोळी आणू नकोस. मावशीला स्टिरॉइड देण्याआधी टीबी नाही ना हे तपासलं, कारण आपल्या देशात छातीचा टीबी हुबेहूब असाच दिसतो. त्यावर स्टिरॉइड दिलं तर अनर्थ होतो. तिला बरं व्हायला दीड वर्ष लागलं. पण झाली.

काळ्या भागाच्या कडेला गळू येऊन पुन्हा पुन्हा फुटत असेल तर त्यामागे बहुतेकदा सिगारेट असते. धुरामुळे तिथल्या दुधाच्या नळ्यांचं आतलं अस्तर बदलतं, नळ्या बुजतात. तुझ्या ऑफिसातल्या मुलींना हे सांग, उपदेश न करता. ज्यांना मधुमेह आहे त्यांनीही साध्या गळवाकडे काणाडोळा करू नये.

आणि एक शेवटचं, जे लिहिताना हात जड होतो. माझ्या अंगणवाडीत येणाऱ्या एका आईची छाती लाल झाली. गाठ नव्हती, ताप नव्हता. महिनाभरात अर्धी छाती जड झाली, कातडी संत्र्याच्या सालीसारखी, बोंडशी आत ओढलेली. अंगावर पाजतेय ना, मग तेच असणार, असं सगळे म्हणाले, मीही म्हणाले. तीन महिने औषधं बदलत राहिली. तो सूज येणारा कॅन्सर होता. स्तनाच्या कॅन्सरमध्ये तो शंभरात एक ते पाच जणींनाच होतो, लठ्ठपणानं धोका वाढतो, पण आठवड्यांत पसरतो. परळच्या टाटाला पोचली तेव्हा फार उशीर झाला होता. त्या दिवसापासून मी प्रत्येक बाईला सांगते की अँटिबायोटिकचा सात-दहा दिवसांचा कोर्स होऊनही लाली हटली नाही तर पुढची गोळी मागायची नाही. सोनोग्राफी आणि बायोप्सी मागायची.

ऑफिसची काळजी आत्ता करू नकोस. कायद्यानं तुला २६ आठवड्यांची रजा आहे. पुढे रुजू झालीस की ५० किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या ठिकाणी पाळणाघर असायला हवं आणि दिवसातून चार वेळा बाळाकडे जाता यायला हवं. ते हक्कानं माग. मीटिंग लांबली म्हणून आठ आठ तास दूध साचू देऊ नकोस.

मी मंगळवारी सकाळच्या एसटीनं येते. लाडू आणत नाही. तोवर एक कर. चिमणीच्या आंघोळीनंतर आरशासमोर उभी राहा आणि लाल भागाच्या कडेकडेनं पेनानं रेघ मार. शेजारी तारीख आणि वेळ लिही. संध्याकाळी बघ, लाली रेघेच्या आत आहे की बाहेर गेली. बाहेर गेली तर मी येईपर्यंत थांबू नकोस, जावईबापूंना गाडी काढायला सांग.

तुझी,
आई